कंपनीला स्थगिती, कामगाराला वसुली

नोकरी गेलेला माणूस कर्जात बुडाला की आपल्याकडे पहिला सवाल येतो, 'एवढी कर्जं काढलीच कशाला?' मला हा सवाल आता ऐकवत नाही. चाकणच्या कारखान्यातून कमी केलेल्या माझ्या धाकट्या भावालाही तो विचारला गेला, आणि विचारणारे सगळे स्वतः घराचे हप्ते भरणारे. त्याला कर्ज बँकेनंच दिलं, पगाराची स्लिप बघून. पगार कंपनीनं बंद केला. यात त्याची उधळपट्टी कुठं आली?

आधी बचत संपते. मग पीएफ काढला जातो, मग सोनं गहाण पडतं. 5 तारखेला खात्यात पैसे नसतात, हप्ता बाऊन्स होतो. दंड कर्ज देणारी बँक लावते आणि खातं असलेली बँकही लावते. किराणा क्रेडिट कार्डावर येऊ लागतो, आणि त्या थकबाकीचं व्याज वर्षाला 36 ते 42 टक्के. ते भागवायला मोबाइलवरच्या अ‍ॅपचं कर्ज. 90 दिवस हप्ते थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. मग 2002 च्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँक घराचा ताबा घ्यायला मोकळी. म्हणजे सगळे मिळून पाच महिने. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला तेवढ्यात तशाच पगाराची नोकरी मिळते का, हे एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर जाऊन विचारा.

वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करू नयेत, घरच्यांना छळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये बजावलं आहे. माझ्या भावाच्या सासऱ्यांना रात्री साडेनऊला फोन आला. 'जावई पैसे बुडवून बसलाय, तुम्ही भरा.' म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन बँक गाठली.

आता कंपन्यांचं बघा. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजची विमानं थांबली. हजारोंची नोकरी गेली, कित्येकांचे आधीचे पगारही थकलेले. दोन महिन्यांत कंपनीचं प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि तिच्याकडून होणाऱ्या वसुलीला कायद्यानं स्थगिती मिळाली. तिच्या कर्मचाऱ्यांच्या गृहकर्जाला अशी स्थगिती देणारं कलम लागूच नव्हतं.

कलमं लिहिलेली आहेत, हा खरा संताप. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तो लागू केला फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, 2019 च्या डिसेंबरात. बाकी सगळ्यांसाठी मुंबईत 1909 चा आणि चाकणला 1920 चा, इंग्रजांच्या काळातला कायदा. त्या 1920 च्या कायद्यात अर्ज करायला 500 रुपयांचं कर्ज पुरेसं आहे! संहितेत छोटी कर्जं माफ करणारी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे, पण तिची मर्यादा वर्षाला 60 हजार उत्पन्न आणि 35 हजार कर्ज. ती उद्या लागू झाली तरी पगारावर घर घेतलेला एकही माणूस तिच्यात बसणार नाही. उद्योगपतीसाठी न्यायाधिकरणं उभी करणाऱ्या सरकारला पगारदाराचं प्रकरण हातात घ्यायचंच नाही.

जमत नाही, असं मला कुणी सांगू नये. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट सहा महिने देशभरच्या कर्जदारांना हप्ते पुढं ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली, आणि त्या काळातलं व्याजावरचं व्याज घेऊ नका असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. बँका टिकल्या. हीच मुभा नोकरी गेल्याचं पत्र दाखवणाऱ्या प्रत्येकाला हक्क म्हणून द्या, आणि ती संपेपर्यंत त्याच्या दारात एकही वसुलीवाला येता कामा नये.