बाळंतिणीचा एकच पाय सुजला तर चोळू नका

बोटाला विळी लागली की रक्त येते आणि थोड्या वेळात आपोआप थांबते. रक्तातल्या बारीक प्लेटलेट जखमेच्या तोंडाशी चिकटतात, मग फायब्रिनचे धागे त्यांच्याभोवती जाळे विणतात. हीच गुठळी. जखम भरू लागली की शरीरच प्लाझ्मिन नावाच्या द्रव्याने ते धागे तोडून गुठळी विरघळवते.

माता-भगिनींनो, बाळंतपणात मात्र पारडे गुठळी धरण्याकडे झुकते. वार पडल्यावर जास्त रक्त जाऊन बाई दगावू नये, म्हणून निसर्गाचीच ही तजवीज. तिचा जोर बाळंतपणानंतर सुमारे ६ आठवडे राहतो. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला खाटेवरून उठू देत नाहीत. सासूबाईंचा हेतू चांगलाच असतो, पण पोटरी हलली नाही की पायातले रक्त साचते आणि आतल्या शिरेत गुठळी धरू शकते. सिझेरियन झालेल्या बाईला हा धोका अधिक.

एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर वात समजून तेलाने चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जातो. त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर लगेच निघा, रात्र असली तरी.

तिथे बहुधा हेपॅरिनची इंजेक्शने देतात. ती गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत. विरघळवण्याचे काम प्लाझ्मिन सावकाश करते. या इंजेक्शनांसाठी बाळाला अंगावर पाजणे बंद करावे लागत नाही.