जादू चालते, बाईची ताकद चालत नाही!

“अहो ताई, खेळ आहे तो. सगळं कल्पनेतलं. त्यात कसली आली आहे स्त्री-पुरुष समानता?” हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता एकदाच लेखी उत्तर द्यायचं ठरवलं.

मैत्रिणींनो, आधी हा खेळ काय ते सांगते. याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याची ताकद, चपळाई, हुशारी कागदावर आकड्यांत मांडायची. एक जण गोष्ट पुढे नेतो. बाकीचे ‘मी दार फोडते’, ‘मी पळून जातो’ असं सांगतात, आणि ते जमलं की नाही हे फासे टाकून ठरतं. कोणत्या आकड्याला काय घडणार, ते नियमांच्या जाडजूड पुस्तकात लिहिलेलं असतं. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून याची सुरुवात झाली. मी ज्या भागात काम करते त्या परळ-लालबाग-दादरमधली कॉलेजची मुलंमुली आज हे खेळ खेळतात. म्हणून तो आपलाही विषय आहे.

आता नियम पाहू. १९७८ साली याच खेळाचं खेळाडूंसाठीचं पुस्तक निघालं. त्यात ताकदीचा सर्वांत मोठा आकडा अठरा. अठरा मिळालेल्या लढवय्याने पुढे आणखी शंभरापर्यंतचा एक आकडा काढायचा. पुरुष असेल तर थेट शंभरापर्यंत मुभा, बाई असेल तर पन्नासला थांबायचं! ज्या जगात ड्रॅगन आग ओकतात, मेलेली माणसं उठून चालतात, मंत्र म्हणून माणूस हवेत उडतो, त्या जगात लेखकाला एवढी एकच गोष्ट ‘वास्तवाला धरून’ हवी होती. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक आलं. शहराच्या रस्त्यावर कोण भेटेल हे ठरवायला त्यात वेश्यांच्या प्रकारांचा एक वेगळा तक्ताच होता. बाई लढणार तर ताकदीला कात्री, आणि रस्त्यावर दिसणार तर बाजारात बसलेली. हे कल्पनेतलं जग म्हणे!

ताकदीची ही मर्यादा १९८९ च्या आवृत्तीत गेली. २०१४ च्या आवृत्तीत तर पात्राने बाई किंवा पुरुष याच चौकटीत बसलं पाहिजे असं नाही, हे स्पष्टच लिहिलं. म्हणजे नियम आभाळातून पडत नाहीत. माणसं ते लिहितात आणि माणसंच बदलतात. पण यातून आणखीही एक गोष्ट कळते. सर्वांत आधी जे मोकळं व्हायला हवं होतं, ते बाईचं शरीर कल्पनेतही उशिरा मोकळं झालं.

मग प्रश्न मिटला का? नाही. खरा प्रश्न आता आहे, कारण आजची मुलं नुसते राजवाडे आणि गुहा यांचे खेळ खेळत नाहीत. आजच्याच शहरात जादू शिरली तर काय होईल, असेही खेळ आहेत. १९९१ च्या ‘व्हँपायर: द मास्करेड’मध्ये रक्तपिपासू आजच्या शहरात ओळख लपवून राहतात. २००३ मध्ये ‘डी-ट्वेंटी मॉडर्न’ या नियमसंचासाठी ‘अर्बन अर्केना’ हे पुस्तक निघालं. त्यातली एक कल्पना मला फार बोलकी वाटते. राक्षस आपल्या रस्त्यांवरून उघड फिरतात, पण साध्या माणसांचं मन ते स्वीकारतच नाही. समोर राक्षस असला तरी त्यांना नुसता एक आडदांड माणूस दिसतो.

आपल्याला हे नवीन आहे का? गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत असते. पलीकडे बाईला मार बसतो तो अलीकडे ऐकू येतोच. तरी सकाळी शेजारी सांगतात, “भांडं पडलं असेल.” न दिसण्याचा हा नियम कोणा अमेरिकन लेखकाने आपल्याला शिकवलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लालबागमधल्या एका गटाने आजच्या मुंबईत घडणारा खेळ स्वतः रचला. हौसेने मला कागद दाखवले. मारायच्या राक्षसांच्या यादीत ‘डाकीण’ होती. तिची ताकद, तिचे शाप, तिला मारल्यावर मिळणारे गुण, सगळं व्यवस्थित मांडलेलं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “ताई, डाकीण म्हणजे फॅन्टसीच ना!”

नाही! अमेरिकेत सेलमला १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिलं, त्यांत चौदा बायका होत्या. ते आता तिथे इतिहासात जमा आहे, म्हणून तिथली मुलं चेटकिणीची टोपी घालून नाचू शकतात. आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्याच काळात घडल्या आहेत. आणि शहराने नाक मुरडायचं कारण नाही. ‘पांढऱ्या पायाची’, ‘हिनेच करणी केली’ हे शब्द मी लिफ्ट असलेल्या इमारतींतही ऐकले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिच्याविषयी संशय पसरवणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ज्या राज्यात याला कायदा करावा लागतो, तिथे आजच्या काळातल्या खेळात डाकीण मारून गुण मिळवणं ही निरागस कल्पना कशी?

याचा अर्थ खेळ बंद करा असा नाही. बंदीची भाषा आपली नव्हे. सोंग घेऊन दुसऱ्याचं जगणं समजून घेणं हे तर आपलं जुनं हत्यार. मंगळागौरीला बायका सासू-सुनेचं भांडण सोंगातून खेळत आल्या. आपल्या शिबिरांत आपण एकीला नवरा करतो, एकीला फौजदार, आणि तक्रार कशी नोंदवायची याचा सराव करतो. कल्पनेचं तर विचारूच नका. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये असा देश रचला, जिथे बायका विज्ञानाच्या बळावर कारभार करतात आणि पुरुष पडद्यात बसतात. कल्पनेची ताकद अशी वापरायची असते!

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, आजच्या काळातला खेळ रचताना ज्या नावाने इथे खऱ्या बायकांना मार बसतो, ते नाव राक्षसांच्या यादीत नको. गोष्टीत डाकीण हवीच असेल, तर तिला डाकीण ठरवणारा भगत, तिच्या जमिनीवर डोळा असलेला दीर आणि गप्प बसलेलं गाव हे तिथले राक्षस असू देत. दोन, ‘वास्तव’ फक्त बाईच्याच वेळी आठवत असेल, तर तिथल्या तिथे हटकायचं. तीन, मुलींनी नुसतं पात्र घेऊन बसू नये, खेळ चालवायला बसावं. नियमाचं पुस्तक जिच्या हातात, गोष्ट तिची.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, पाण्याचा, रेशनचा, घराचा प्रश्न सोडून हे काय काढलंत? पण वस्तीतली मुलं ज्या गोष्टी खेळतात, त्यातूनच उद्या शेजारच्या खोलीतला आवाज ऐकणारे किंवा न ऐकणारे तयार होणार आहेत. पुढच्या शिबिरात एक संध्याकाळ या खेळाला द्या. फासे आणायला फार खर्च येत नाही.