किंमतपत्रक वाचणाऱ्या ग्राहकाची बाजू

नवी मोटार घ्यावयास निघालेल्या गृहस्थाला आप्तेष्टांकडून दोन परस्परविरुद्ध उपदेश हटकून ऐकावे लागतात. पहिला असा की, घासाघीस करून जास्तीत जास्त सूट पदरात पाडून घेतली म्हणजे खरेदी फत्ते झाली. दुसरा असा की, जेथे आठ-दहा लाख मोजावयाचे तेथे पाच-दहा हजारांच्या बाबीवरून हुज्जत घालणे घरंदाज माणसाला शोभत नाही. हे दोन्ही उपदेश मला सर्वस्वी अमान्य आहेत. वरवर ते एकमेकांविरुद्ध दिसत असले तरी दोहोंच्या मुळाशी प्रमाद एकच आहे : दोन्हींत ग्राहकाची दृष्टी कोटेशनच्या तळाशी लिहिलेल्या एका आकड्यावर खिळलेली असते, आणि तो आकडा ज्या बाबींच्या बेरजेने सिद्ध होतो त्या बाबी तो वाचीत नाही.

दुसऱ्या उपदेशाचा उगम शोधू गेल्यास तो टंचाईच्या काळात सापडतो. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट किंवा उत्तरपाड्याची अँबॅसिडर मिळविण्यासाठी जेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागे, तेव्हा गाडी देणारा हा दाता आणि घेणारा हा याचक अशीच व्यवस्था होती. दात्याला हिशेब विचारण्याची प्राज्ञा कोणाची? परंतु १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन झाली त्याला आता चार दशके उलटून गेली. आज एकाच रस्त्यावर पाच कंपन्यांची दालने शेजारी शेजारी उभी आहेत, आणि तरीही आमचा मध्यमवर्गीय ग्राहक त्या काचेच्या दारातून आत शिरताना आवाज खाली आणतो. काळ पालटला तरी अंगवळणी पडलेली ही अदब काही सुटली नाही.

आता ते किंमतपत्रकच पुढ्यात घेऊ. पहिली बाब एक्स-शोरूम किमतीची. तिच्यात वस्तू व सेवा कर धरलेलाच असतो, तेव्हा तो पुन्हा वेगळा दाखविला असल्यास तेथेच बोट ठेवावे. त्यानंतर रस्ता कर. महाराष्ट्रात खाजगी व्यक्तीच्या नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस तो शेकडा ११ आहे, म्हणजे नऊ लाखांच्या गाडीस ९९,००० रुपये. नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये. गाडी दहा लाखांवरची असेल तर शेकडा एक रुपया आयकराच्या पोटी गोळा केला जातो; बारा लाखांच्या गाडीवर ही रक्कम बारा हजार होते आणि विवरणपत्र भरताना ती वळती करून घेता येते, पण कित्येकजण ती गाडीच्या किमतीतच गेली असे समजून विसरून जातात. येथवर सरकारचा अंमल आहे. ह्यापुढे ‘हँडलिंग चार्जेस’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘एसेन्शियल किट’ अशा नावांच्या ज्या ओळी येतात, त्या कोणत्याही सरकारी कोष्टकात सापडावयाच्या नाहीत. त्यांपैकी हँडलिंगची बाब तर सर्वांत कमकुवत, कारण गाडी आपल्या आवारात आणून उभी करणे हेच विक्रेत्याचे मूळ काम असून त्याचा मोबदला किमतीत अंतर्भूत आहे.

विम्याची ओळ मात्र सावकाश वाचावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला, आणि त्याचा हप्ता सरकारच ठरविते. २०२२ साली १००० ते १५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या खाजगी मोटारीसाठी तो १०,६४० रुपये ठरला. म्हणजे ह्या भागात दुकानागणिक फरक पडण्याचे कारणच नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यास जोडलेल्या वाढीव कवचांत. पुण्यातील एका दालनात माझ्या देखत एका निवृत्त शिक्षकांना सांगण्यात आले की, “सर, विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, नाहीतर पासिंग अडतं.” हे विधान धादांत असत्य आहे. पासिंगला वैध विमा लागतो; तो कोणाकडून घ्यावा हे कायदा सांगत नाही, आणि विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही ग्राहकाची निवड अबाधित ठेवली आहे. शिक्षकांनी खिशातून दुसऱ्या कंपनीचा कागद काढून शांतपणे टेबलावर ठेवला, तेव्हा आतून व्यवस्थापक आले आणि हप्त्याचा आकडा तेथल्या तेथे उतरला.

विक्रेत्यांच्या वतीने एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचा अनादर करणे मला उचित वाटत नाही. गाडीच्या विक्रीत नफा अल्प, जागेचे भाडे आणि नोकरांचे पगार भरमसाट; विमा आणि अ‍ॅक्सेसरीज ह्यांवरच धंदा तगतो, असे ते म्हणतात. ह्यात तथ्य आहे. परंतु ह्यावरून निष्पन्न काय होते? नफा अपुरा असेल तर ती तक्रार गाडी बनविणाऱ्या कंपनीकडे दाखल करावयाची की पुढ्यात बसलेल्या अनभिज्ञ माणसाकडून वसूल करावयाची? आणि येथेच पहिल्या उपदेशाचेही खंडन आपोआप होते. घासाघीस करणाऱ्याला तीस हजारांची सूट मिळते ती आकाशातून पडत नाही. एक तर ती त्याच्याच विम्यातून आणि किटमधून परत घेतली जाते, नाही तर शेजारच्या टेबलावरील भिडस्त कुटुंबाच्या कोटेशनमध्ये जाऊन बसते. भिडस्ताने बोलक्याचा खर्च भरावा अशी ही रीत आहे. म्हणून सूट मागणारा ग्राहक मला तितकासा आदरणीय वाटत नाही, जितका प्रत्येक ओळीस ‘हे कशाबद्दल?’ असे विचारणारा वाटतो. कारण त्याच्या प्रश्नाने सरळ व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याचे काहीच जात नाही, उलट लपवाछपवी करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे त्याची बाजू बळकट होते.

मुहूर्ताविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात यावी ही इच्छा निरागस आहे, तिला नावे ठेवणारा मी नव्हे. पण त्या दिवशी दालनात रांगा लागतात, गाडीवर आच्छादन असते, हार-पेढे तयार असतात, आणि चाकाखाली लिंबू ठेवण्याच्या घाईत टायरकडे कोणी पाहत नाही. टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. सतरा अक्षरांच्या चासी नंबरावरून गाडी कोणत्या वर्षाची ते कळते. ही तपासणी पासिंगच्या आधी, धूळ खात उभ्या असलेल्या गाडीजवळ स्टॉकयार्डात जाऊन, दिवसाउजेडी करावयाची असते. कारण एकदा तो चासी नंबर आपल्या नावावर चढला की दुसरी गाडी मागण्याची मुभा जवळजवळ संपते, आणि पुनश्च दिलेला रंग किंवा वर्षभर उन्हात पडून राहिलेली बॅटरी आपल्याच वाट्याला येते.

“इतके विचारले तर ते गाडी द्यायचेच नाहीत,” अशी भीती अनेकांना वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही निर्बंधक व्यापारपद्धती ठरविली आहे, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, त्या पुण्याच्या ग्राहकाने तरी हे कलम माहीत नसल्याची सबब सांगू नये. आयोगापर्यंत जाण्याची पाळी बहुधा येतही नाही. ‘विमा येथूनच घेणे बंधनकारक आहे, हे आपल्या लेटरहेडवर लिहून द्या,’ एवढी मागणी नम्रपणे आणि बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी करावी. ते लिहून देण्याचे धैर्य कोणाही व्यवस्थापकाला होईल असे मला वाटत नाही.