दिव्यापुढचा हात

आपल्या सावंतवाडीत 1882 साली जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र तुम्ही एखाद्या कॅलेंडरवर पाहिले असेल. हातात पेटता दिवा घेतलेली एक स्त्री, आणि ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनाचे आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्मा यांचे समजतात. पण रविवर्मा 1906 साली वारले आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे आहे! आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचे श्रेय असे दुसऱ्याला जावे, याचे मला वाईट वाटते.

चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. (लग्नानंतर गीता उपळेकर. 2018 साली, वयाच्या 102 व्या वर्षी त्या कोल्हापुरात वारल्या.) हॉलंडच्या रेम्ब्रांटने आरशात पाहून स्वतःचाच चेहरा आयुष्यभर रंगवला. अशा चित्रात भाव शोधायचा तर आपण डोळे आणि ओठ पाहतो. येथेही लोक चेहराच पाहतात आणि नावाप्रमाणे 'आशा' म्हणून मोकळे होतात. उर्दूत आपण तिला 'उम्मीद' म्हणतो, मराठीत 'उमेद'.

माझ्या मते मात्र या चित्राचा भाव चेहऱ्यात कमी आणि हातात जास्त आहे. चेहरा शांत आहे. काम करतो आहे तो हात. पावसाळ्यात वीज गेली की मेणबत्ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना आपण असाच हात आडवा धरतो. तेव्हा बोटांच्या कडा तांबूस दिसतात, कारण उजेड कातडीतून थोडा पार येतो. हळदणकरांनी तो तांबूसपणा नेमका टिपला आहे. वाऱ्याचे भय नसते, तर हा हात तेथे नसता. म्हणून मला येथे उमेदीपेक्षा काळजी अधिक दिसते.

हे तैलचित्र नव्हे, जलरंगातले चित्र आहे. तैलरंगात उजेड शेवटी वरून देता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. भोवतीचा अंधार रंगवत जायचे आणि उजेडाची जागा पहिल्यापासून राखायची. तेथे एकदा गडद रंग गेला, की तो धुऊन पुरता निघत नाही. मुलीने ज्योत जपली, तसा बापाने कागद जपला. खरे वाटत नसेल तर रंगपेटी घ्या आणि पांढरा रंग न वापरता मेणबत्तीची एक ज्योत काढून पाहा.