शनिवार तेल्यांची कथा आणि आपले मौन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात कॅमेरा नवा नाही. तो येतो, स्फोटाने उखडलेला रस्ता टिपतो, गवताने शाकारलेली घरे टिपतो आणि परत जातो. माडिया माणूस त्यात दिसतो. बोलतो मात्र निवेदक. हा अनुभव गाठीशी असलेल्यांनी एका वेगळ्याच विषयावरील माहितीपटांकडे अवश्य लक्ष द्यावे. विषय आहे ज्यूंचा, आणि तेही आपल्या कोकणातील ज्यूंचा.

अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करणारा आणि बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रंगविणारा हा समाज. याच समाजातील सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. शतकानुशतके गावात राहूनही त्याला कोणी 'तुमचा शनिवार सोडा' असे सांगितले नाही.

या समाजावर आणि भारतातील इतर ज्यूंवर माहितीपट झाले. सादिया शेपर्ड यांनी आपल्या बेने इस्रायल आजीच्या मुळांचा शोध घेतला. 2010 मध्ये दोन फ्रेंच दिग्दर्शकांचा 'नेक्स्ट इयर इन बॉम्बे' आला. इस्रायलला जावे की मुंबईतच राहावे, हा त्यातील पेच. 2017 मध्ये डॅनी बेन-मोशे यांनी 'शालोम बॉलिवूड'मधून सुलोचना, प्रमिला, नादिरा आणि डेव्हिड यांची कहाणी सांगितली. यांपैकी एक अमेरिकेतील, दोघे फ्रान्सचे, एक ऑस्ट्रेलियाचा. विषय रायगडचा, भाषा मराठी, कीर्तन मराठी; सांगणारे मात्र सातासमुद्रापलीकडचे! मराठी माणसाला याची खंत वाटू नये काय?

आपल्याकडच्या तथाकथित पुरोगामी माहितीपटकारांचे मौन समजण्यासारखे आहे. हिंदू समाज मूलतः असहिष्णू, हा सिद्धान्त आधी ठरवून मग चित्रण करणाऱ्यांना शनिवार तेल्यांचा घाणा अडचणीचा वाटणारच. युरोपात ज्यूंच्या वाट्याला वस्त्यांची कोंडी आणि अखेर छळछावण्या आल्या. भारतातही कोचीचे सिनेगॉग 1662 मध्ये जाळले गेले, ते पोर्तुगीजांच्या हातून. गोव्यातील इन्क्विझिशनही त्यांचेच. गंमत अशी की, बेने इस्रायलांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली ती इस्रायलमध्ये. 1962 मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशावळीची चौकशी लावली, आणि 1964 मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शने झाल्यावरच संसदेने त्यांचे पूर्णत्व मान्य केले. कोकणातल्या शेजाऱ्याने असा पुरावा कधी मागितला नव्हता.

परंतु दोष केवळ पुरोगाम्यांचा म्हणून आपण सुटत नाही. बौद्धिकांत आणि व्याख्यानांत इस्रायलचे गोडवे गाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी अलिबागचे सिनेगॉग आतून पाहिले आहे? हाइम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवला. तो आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 1948 नंतर हा समाज मोठ्या संख्येने निघून गेला. 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही खाली होती. महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला 2016 मध्ये. घर रिकामे होत आल्यावर दारावर पाटी लावावी, तसे हे झाले. कॅमेराही उशिराच पोहोचला. तेव्हा घाणे थांबले होते आणि कीर्तनकार उरले नव्हते.

हाच उशीर आज गडचिरोलीत होत आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथील म्हाताऱ्यांच्या कंठात गोत्रांच्या कथा आहेत, पेरणीची गीते आहेत. गोंडी भाषा आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरला फाशी गेलेले वीर बाबुराव शेडमाके यांचे नाव जयंतीला घेतले जाते. परंतु त्यांच्या मोलमपल्ली परिसरात ती स्मृती लोक कशा शब्दांत सांगतात, हे किती जणांनी ध्वनिमुद्रित केले आहे? 'वनवासी आमचे बांधव' असे म्हणणे सोपे आहे. बांधवाचे बोलणे त्याच्या भाषेत ऐकून घेणे, त्याला शिकविण्याआधी त्याच्याकडून शिकणे, हे अवघड आहे.

ज्यूंनी जगाला दिलेला धडा रणांगणातला नाही, स्मरणातला आहे. आपली कथा आपण सांगितली नाही, तर ती दुसरा सांगतो आणि त्याला हवी तशी सांगतो. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. आश्रमशाळेतल्या चार मुलांच्या हाती साधा कॅमेरा द्यावा, आजीसमोर बसवावे, निवेदक नको. कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात एवढे एक गाव तरी करावे. कोकणात आपण उशीर केला. दंडकारण्यात तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही.