व्याज कोणत्या नाण्यात मिळणार?

गेल्या शनिवारी लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एक ताई भेटल्या. जय भीम झाला. मुलीच्या नर्सिंगसाठी भिशीतून साठवलेले ४० हजार रुपये त्या ‘बिटकॉइन उसने द्यायच्या’ योजनेत ठेवणार होत्या. एजंटाने सांगितले होते की महिन्याला १० टक्के व्याज, ते न काढता तिथेच ठेवले तर व्याजावरही व्याज.

आम्ही पडलो कारकून. आमची अर्धी हयात व्याज मोजण्यात गेली, तेही दुसऱ्यांचे. तिकिटाच्या मागेच हिशेब मांडला. सरळ व्याज असेल तर महिन्याला ४ हजार, म्हणजे १८ महिन्यांनी मुद्दलासह १ लाख १२ हजार. चक्रवाढीत दुसऱ्या महिन्याचे व्याज ४४ हजारांवर लागते, तिसऱ्याचे ४८ हजार ४०० वर. असे करत १८ महिन्यांनी २ लाख २२ हजारांच्या पुढे. ताईंचे डोळे चमकले. गणित चुकीचे नव्हतेच. पण हे व्याज देणारा ते कमावणार कुठून, हे एजंटाने सांगितले नव्हते.

बचत गटात आपल्याला ठाऊक असते की पैसा अमक्या बाईने शेळीसाठी घेतला. इथे आपले नाणे कंपनी सट्टेवाल्यांना उसने देते, त्यांच्याकडून व्याज घेते आणि त्यातला वाटा आपल्याला देते. सट्टेवाला बुडाला की साखळी तुटते. अमेरिकेतल्या सेल्सियस कंपनीने जून २०२२ मध्ये पैसे काढणे बंद केले आणि जुलैत दिवाळे काढले. पुढे कोर्टाने सांगितले की व्याजाच्या खात्यात ठेवलेली नाणी करारानुसार कंपनीच्याच मालकीची झाली होती. म्हणजे ठेवीदार रांगेत उभा राहणारा साधा देणेकरी... चुकलो, घेणेकरी! बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्याने मिळते. इथे तसा विमा नाही.

आणखी एक गोम आहे. व्याज रुपयांत नाही, नाण्यात मिळते. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरपर्यंत गेले आणि वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले. त्या वेळी १० हजार रुपयांचे नाणे महिन्याला १ टक्का चक्रवाढीने ठेवले असते, तर नाणी सव्वाबारा टक्क्यांहून जास्त वाढली असती, पण रुपयांत हाती आले असते तीन हजारांहूनही कमी.

महिन्याला १० टक्के हा आकडा ऐकून आम्हाला गेनबिटकॉइन आठवले. अमित भारद्वाजने हेच आमिष १८ महिन्यांसाठी दाखवले होते. पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेले एमकॅप नावाचे नाणे लोकांच्या हातात ठेवले, त्याला बाजारात किंमत उरली नाही. पुणे पोलिसांनी त्याला २०१८ मध्ये अटक केली, २०२२ मध्ये तो वारला. तपास नंतर सीबीआयकडे गेला. नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांचे व्याज दिले जाते, तोवर हिशेब बिनचूक दिसतो.

कामशेत आले. ताईंनी ते तिकीट पदराच्या गाठीत बांधले.

“दादा, सगळं पटलं,” त्या म्हणाल्या. “पण एजंट माझा चुलत दीर आहे. त्याला काय सांगू?”

आम्ही म्हणालो, “त्याला विचारा, तुझे स्वतःचे किती टाकलेस आणि किती काढून पाहिलेस?”