सायकल मापाची हवी



गणवेश शिवताना शिंपीकाका खाली दुमड ठेवतात. कापडाला ते चालते. सायकलला चालत नाही, असे माझे मत आहे.

मी चौथीत असताना बाबांनी मला २६ इंची चाकाची रेंजर सायकल घेतली. म्हणाले, "दहावीपर्यंत बघायला नको." सीट पार खाली केली, तरी पाय टेकेनात. एकदा उतारावर ब्रेकपर्यंत बोटे पोचली नाहीत. मागे धाकटा भाऊ होता. दोघेही ओढ्यात पडलो. त्याच्या हनुवटीला टाके पडले. बोलणी मी खाल्ली, पण चूक मापाची होती.

आता माझी जुनी २४ इंची आहे. ती मस्त चालते.

चाकाचे माप टायरवर छापलेले असते. पण नुसता आकडा बघू नका, पोराला दुकानात सोबत न्या. दोन्ही पायांत सायकल घेऊन उभे करा. मधला दांडा अंगापासून दोन इंच तरी खाली हवा. सीटवर बसून चवडे टेकावेत, ब्रेक सहज दाबता यावा.

पैसे दोनदा जातात, हे खरे. पण उंची वाढली की सीट वर करता येते. मोठी सायकल लहान करता येत नाही. आणि लहान झालेली धाकट्याला होतेच की!

– इयत्ता पाचवीची एक विद्यार्थिनी